सातव्या सूचनेतला ‘न’

हे तुम्हाला खोटं वाटणार. वाटू द्या. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांच्यापैकी एकाचाही विश्वास बसलेला नाही. एक गृहस्थ तर ‘पुरे झाल्या थापा’ म्हणून मध्येच उठले आणि डोळ्यांत थेंब घातलेले असल्यामुळे सरळ फाइलींच्या कपाटावर जाऊन आदळले. तेव्हा विश्वास ठेवू नका, पण उठूही नका.

असं बजावून म्हाताऱ्याने पाय लांब केले. नेत्रविभागाबाहेरचा लांब लाकडी बाक होता. एका टोकाला एक ट्रक ड्रायव्हर, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून डोळे मिटून बसलेला. मध्ये काळा चष्मा लावलेला हा म्हातारा. दुसऱ्या टोकाला जाड भिंगांची एक तरुण मुलगी, मांडीवर पर्स आणि पर्सवर आत्ताच खिडकीतून मिळालेली पोपटी रंगाची पुस्तिका. लेसरने चष्मा घालवायचा म्हणून ती तपासणीला आली होती आणि आतून नाव पुकारायची वाट बघत होती. ‘लेसर का?’ हे म्हाताऱ्याने आल्या आल्या विचारून घेतलं होतं, आणि तिने मान डोलावताच त्याला कंठ फुटला होता.

“सांगा, सांगा,” ड्रायव्हर मिटल्या डोळ्यांनी म्हणाला. “दोन तास मला दुसरं काही दिसणार नाहीच आहे.”

तर एक मुद्रितशोधक होता. मजकूर छापला जाण्याआधी त्यातल्या चुका काढणारा माणूस. एखादं अक्षर राहून गेलं असेल तर ते घालण्यासाठी ओळीखाली कावळ्याच्या पायासारखी खूण करतात, तिला म्हणतात काकपद. हा माणूस दिवसाला इतकी काकपदं करायचा की छापखान्यात त्याचंच नाव काकपद पडलं. मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला काकपदच म्हणायचे. घरी बायको ‘अहो’ म्हणायची, पण अशा सुरात की त्यालाही काकपदाचंच वळण असायचं: काहीतरी राहून गेलंय आणि ते तुमच्यामुळे.

या माणसाची सतरा वर्षांत एक चूक सुटलेली नव्हती. त्याच्या हाताखालून गेलेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र लावावं लागलं नव्हतं. दुसऱ्यांना मुलं असतात, घरं असतात, वजन असतं. याच्याकडे एवढं एकच होतं. डोळ्यांत तेल घालून वाचतो, असं मालक पाहुण्यांना सांगायचे. नंबर होता उणे नऊ. भिंगं अशी की उन्हात वही उघडून बसला तर कागदाच्या काळजीने लोक सावलीत बोलवायचे.

“नऊचं भिंग ऊन गोळा करत नाही, पसरवतं,” मुलगी म्हणाली. “माझंही तसलंच आहे.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे मान वळवली. “हुशार आहेस. ऊन सोडून दे. पुढचं ऐक.”

छापखान्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा सगळ्यांचा मिळून एक फोटो काढला. फोटोत काकपदाच्या चष्म्यावर दिव्याचा उजेड पडला आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे रुपये उमटले. छापखान्याचा चित्रकार परोपकारी. त्याने ब्रश घेतला आणि त्या पांढऱ्या गोलांत आपल्या मनाने डोळे काढले. एक बघत होता मालकांकडे आणि दुसरा छपाईची अक्षरं जुळवणाऱ्या जुळणीखात्यातल्या बाईंकडे. फोटो छापलेला सुवर्णमहोत्सवी अंक घरोघरी गेला. बायकोने तो आठ दिवस स्वयंपाकघरात उघडून ठेवला होता.

“ह्यातला खरा डोळा कुठला?” ती विचारायची.

चष्मा घालवायचा, हे काकपदाने त्या आठवड्यात ठरवलं. आता माणसाने एखादी गोष्ट मनाशी ठरवली की ती मनाशीच ठेवावी. याने ती जिन्यात बोलून दाखवली.

त्या इमारतीत तज्ज्ञांची कमतरता नव्हती. वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहायचे. ते म्हणाले, “चष्म्याने माणसाला एक भारदस्तपणा असतो. तुमचा तेवढाच आहे.” मेहुणा आला. त्याच्या साहेबाच्या भाच्याने लेसर करून घेतलं होतं. “पाच मिनिटांचं काम आहे, दाजी. आत जाताना दार चाचपडत जायचं आणि बाहेर येताना दारावरची पाटी वाचत यायचं.” मेहुण्याला जगातलं कुठलंच काम पाच मिनिटांच्या वर लागत नसे, कारण पाच मिनिटांच्या वर तो कुठल्या कामावर टिकलाच नव्हता.

तळमजल्यावर चष्मेवाल्याचं दुकान होतं. त्याने ऐकलं, काउंटरमागून उठून बाहेर आला आणि काकपदाला हाताला धरून आत नेलं.

“करू नका,” तो म्हणाला. “तुमचा नंबर अजून थांबलेला नाही. दरवर्षी वाढतोय आणि तिरपा होत चाललाय. माझ्याकडे तुमचं सगळं कार्ड आहे, बघा. असा डोळा कापू नये.”

काकपद घरी येऊन हसला. बायको हसली. मेहुणा तर खुर्चीतून घसरला. चष्मेवाला चष्मा घालवू नका म्हणतोय! जिन्यात पंधरा दिवस हा विनोद चालला. सबंध इमारतीत जो एकच माणूस खरं बोलला, त्याच्या दुकानावर पाटी चष्म्याची होती, एवढाच त्याचा गुन्हा.

“मग? केलं का?” मुलीने विचारलं.

केलं म्हणजे! तपासण्या झाल्या. डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखी एक पारदर्शक काच असते, तिला म्हणतात पारपटल. लेसर ती काच आतून तासून पातळ करतो आणि नंबर घालवतो. आता तासायचं तर मुळात जाडी हवी. म्हणून आधी एका यंत्रापुढे हनुवटी टेकवून त्या काचेचा रंगीत नकाशा काढतात. काकपदाचा नकाशा निघाला तो खालच्या अंगाला लालभडक. नकाशा काढणाऱ्या बाई बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या.

“तुमचं पारपटल जरा पातळ आहे,” त्या म्हणाल्या. “आणि खाली हा लाल भाग... डॉक्टरांना नक्की विचारा हं.”

काकपदाने आयुष्यात ‘पातळ’ म्हणून कधी काही ऐकलं नव्हतं. पोट सुटलेलं, बोलणं जड, भिंगं जाड. त्याला ते कौतुकच वाटलं. डॉक्टरांना त्याने विचारलंसुद्धा, पण ते डॉक्टर असे घाईतले की त्यांचं नावच लगबगे पडलेलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत ते पुढच्या खोलीत असायचे आणि उत्तर तिथल्या पेशंटला मिळायचं. याने विचारलं, “लाल भाग चालेल का?” आणि पलीकडच्या खोलीतून आवाज आला, “चालेल, पण फार तिखट नको.”

ड्रायव्हर मिटल्या डोळ्यांनी खदखदला. “हे तुम्ही आत्ता जोडलंत.”

“काय बिघडलं? खरं उत्तर मिळालं असतं तर खोटं कशाला जोडलं असतं?” म्हातारा म्हणाला आणि पुढे निघाला.

मग आलं संमतिपत्र. चार पानं, बारीक टाइप. बाकीचे पेशंट न वाचता शेवटच्या पानावर सही करत होते. काकपद तसा नव्हता. त्याने खिशातून लाल पेन काढलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत चारही पानं वाचली. वाचता वाचता चौदा चुका काढल्या. तिसऱ्या पानावर वाक्य होतं: ‘क्वचित शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी पारपटल कमकूवत होऊन पुढे फुगण्याचा व द्रुष्टी कायमची अधू होण्याचा संभव असतो.’ काकपदाने ‘कमकूवत’मधला उकार ऱ्हस्व केला. ‘द्रुष्टी’ची ‘दृष्टी’ केली. पुन्हा एकदा वाचलं, वाक्य निर्दोष झाल्याची खात्री केली आणि खाली सही ठोकली.

सतरा वर्षं तो हेच करत आला होता. अक्षर वाचायचं, अर्थाशी आपला संबंध नाही. अर्थ लेखकाचा.

लेसरला खरोखरच पाच मिनिटं लागली. मेहुणा आयुष्यात एकदाच खरा ठरला, तोही असा. केस जळल्यासारखा वास आला, बस्स. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि समोरच्या भिंतीवरची पाल काकपदाला अशी दिसली की त्याने तिला ओळखलं.

पहिले काही महिने काय वर्णावेत! बसची पाटी दोन थांबे आधीच वाचून तो रांगेतल्या लोकांना मोठ्याने सांगायचा. समोरच्या इमारतीतल्या कॅलेंडरवरची तारीख सांगायचा, मग तिथल्या लोकांनी पडदे लावले. बायकोने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला बिनचष्म्याचा, भरदुपारी, समोरून बघितला.

“अहो,” ती म्हणाली, “तुमचे डोळे एवढे मोठे आहेत? मग इतकी वर्षं घरातलं काहीच कसं दिसलं नाही?”

छापखान्यात पहारेकऱ्याने मात्र फाटकातच अडवलं. ओळखपत्रावर चष्मा, तोंडावर नाही. सतरा वर्षं ज्याला रोज सलाम ठोकला त्याला तो म्हणाला, “काकपदसाहेब अजून यायचेत. आपण कोण?” शेवटी कार्यालयातून चिठ्ठी आणावी लागली: ‘सदर इसम चष्म्याविनाही तोच आहे.’ ती दाखवल्याशिवाय तीन महिने आत सोडत नव्हते. चिठ्ठीत ‘चष्म्याविना’ऐवजी ‘चष्म्यावीना’ पडलं होतं. काकपदाने ते दुरुस्त केलं, तर खाडाखोड केलेली चिठ्ठी चालत नाही म्हणून पुन्हा फाटकावर उभं केलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण डोळ्यांना सुटली खाज.

म्हाताऱ्याची एक मूठ काळ्या चष्म्याकडे गेली आणि काडीपाशी थबकून परत खाली आली.

खाज साधीसुधी नव्हे. दुपारी चारच्या सुमाराला, गॅलीच्या, म्हणजे तपासायच्या कच्च्या छपाईच्या, तिसऱ्या-चौथ्या पट्टीवर, पापणीच्या आत कुणीतरी बसून विणकाम करतंय अशी. काकपदाला चोळायची सवय मूळचीच. मुद्रितशोधकाच्या जिवाला दुसरी चैन नसते. पूर्वी तो चष्मा कपाळावर ढकलून दोन्ही मुठींनी डोळे असे मळायचा की शेजारच्या टेबलावरचे लोक काम थांबवून बघायचे. आता मात्र जपायला हवं, म्हणून त्याने हॉस्पिटलने दिलेली पुस्तिका काढली. या माणसाचा तोंडी शब्दावर विश्वास नव्हता. छापलेलं असेल तेवढंच खरं. पुस्तिकेत दहा सूचना होत्या. सातवी सूचना होती: ‘खाज सुटल्यास डोळे चोळून ये.’

काकपद वाचून ताठ झाला. राग आला तो ‘ये’चा. ‘ये’? एकेरीत? आपण काय हॉस्पिटलचे पुतणे आहोत? बाकीच्या नऊ सूचनांमध्ये ‘घालावे’, ‘टाळावे’, आणि इथेच काय ‘चोळून ये’? त्याने बायकोला वाचून दाखवलं.

“मग जा ना चोळून,” बायको म्हणाली. “एकेरीत का होईना, कुणीतरी बोलावतंय तुम्हाला.”

आणि काकपद चोळून गेला. खाज सुटली की आधी चोळायचं, मनसोक्त, मनगट दुखेपर्यंत, मग तपासणीला जायचं. तिथे लगबगे डॉक्टर दोन सेकंद डोळ्यात उजेड टाकायचे, ‘छान’ म्हणायचे आणि अदृश्य व्हायचे. दीड वर्ष हा कार्यक्रम चालला. खरं सांगायचं तर त्याचं मन आधीपासून चोळण्याच्याच बाजूचं होतं. कागदाने फक्त शिक्का मारला.

“एवढा शुद्धलेखनवाला, त्याला ती चूक दिसली नाही?” ड्रायव्हरने विचारलं.

“चूक कुठेय? ‘डोळे चोळून ये.’ सांग बरं, व्याकरणाने काय चुकलंय? ऱ्हस्व-दीर्घ चोख आहे. मुद्रितशोधकाला चुकलेलं अक्षर दिसतं. बरोबर अक्षरांनी लिहिलेला सत्यानाश दिसत नाही.”

मुलीने मांडीवरच्या पुस्तिकेवर हात ठेवला. ऐकत होती.

दीड वर्षाने अक्षरांना शेपट्या फुटल्या. प्रत्येक अक्षराखाली त्याचीच एक फिकट सावली, थोडी तिरकी. दिव्याला मिशा. चंद्र तर तीन-तीन, एकावर एक घसरलेले. काकपदाला वाटलं, शाई खराब आली. त्याने शाईवाल्याला पत्र लिहिलं. मग वाटलं, यंत्र हललं. यंत्रवाल्याशी भांडला. कागद बदलून पाहिला. जगातलं सगळं तपासून झालं, फक्त आपले डोळे तपासायचं त्याच्या मनात आलं नाही. कारण त्यांची दुरुस्ती होऊन गेली होती.

तोपर्यंत आला एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल. त्यात काकपदाला प्रत्येक अनुस्वार दोन-दोन दिसायला लागले. एका अक्षरावर दोन टिंबं! जुळणीखात्याचा असा राग आला त्याला! लाल पेन घेऊन त्याने ओळीओळीने जादा टिंबं उडवली. जुळणीखात्यातल्या बाईंनी खुणेबरहुकूम ती काढली. पण खरी टिंबं एकेकच होती, त्यामुळे उरलं शून्य. पहिल्या पानावर श्रद्धांजली होती: ‘दिवंगत सभासदांच्या कुटुंबीयांसाठी संचालक मंडळाला खंत वाटते.’ छापून आलं: ‘दिवगत सभासदाच्या कुटुबीयासाठी सचालक मडळाला खत वाटते.’

तुम्ही हसताय. तिकडे दोनशे घरांतून माणसं आली. पोती घेऊन! वाटप कुठल्या खिडकीवर आहे, हे विचारायला. एका बाईंनी तर, आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली, मागच्या वर्षीचंही खत द्या, म्हणून हट्ट धरला.

“दोनशे?” ड्रायव्हरने मिटल्या डोळ्यांनीच भुवया चढवल्या.

“बरं, वीस. नाही, तू म्हणतोस तर तीन. पण पोती खरी.”

त्या अहवालाला शुद्धिपत्र लागलं. सतरा अधिक दोन, एकोणीस वर्षांतलं पहिलं. ते चार पानांचं होतं आणि ते तपासायला मालकांनी दुसऱ्या माणसाला दिलं. काकपद आपल्या टेबलाशी बसून होता. कुणी त्याला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग तो हॉस्पिटलात गेला आणि या खेपेला लगबगे रजेवर असल्यामुळे त्याला पहिल्यांदाच कुणीतरी तपासलं. वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नवा नकाशा काढला, जुना नकाशा मागवला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“काच पातळ झाली की कमकुवत होते,” त्या म्हणाल्या. “आतल्या दाबाने पुढे फुगायला लागते. तुमची फुगलीय. दोन्ही डोळ्यांची.”

“पुन्हा लेसरने बसवता येईल?”

“नाही. आता लेसरचं नावही काढू नका. थेंब घालून एक प्रकारचा जांभळट प्रकाश देतात, त्याने काच टणक होते. म्हणजे आहे ते बहुतेक इथे थांबेल. गेलेलं परत येत नाही. मग कडक लेन्स घालून जेवढं जमेल तेवढं वाचायचं. हा जुना नकाशा माझ्यासमोर आला असता तर मी तुम्हाला चष्म्यासकट घरी पाठवलं असतं. डोळे चोळता का हो?”

“आपल्या सूचनेनुसार,” काकपद म्हणाला.

“कुणाच्या?”

त्याने खिशातून पुस्तिका काढून सातवी सूचना पुढे केली. बाईंनी वाचली. पुन्हा वाचली. मग त्यांचे कान लाल झाले.

“हे ‘चोळू नये’ आहे हो,” त्या हळूच म्हणाल्या. “‘न’ इकडचा तिकडे गेलाय.”

झालं! काकपद उठला तो खुर्चीसकट. डोळे गेले ते गेले, पण चूक सापडली! दोन वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर असं तेज कुणी पाहिलं नव्हतं. एक ‘न’! लगबगे नाही, नकाशा नाही, चौदा चुकांचं संमतिपत्र नाही, मुठी तर नाहीतच नाहीत. सगळा दोष एका अक्षरात मावला. माणसाला आणखी काय हवं असतं?

तो तक्रार निवारण कक्षात गेला. तिथला कारकून सभ्य होता. त्याने एक अर्ज दिला, तिथे ‘दोष कोणाचा?’ असा रकाना होता.

“डॉक्टर, हॉस्पिटल, छपाई किंवा अन्य,” कारकून म्हणाला. “एकावरच खूण करा. ‘अन्य’वर केलीत तर कागद तळमजल्यावर जातो.”

“तळमजल्यावर कोण असतं?”

“कोणी नाही.”

काकपदाने ‘हॉस्पिटल’वर खूण केली, पण दोन चौकोन दिसत होते, त्यामुळे ती ‘अन्य’वर पडली. चार महिने कागद तळमजल्यावर होता. दुसरा अर्ज केला, तर त्याला पहिल्या अर्जाची प्रत लागते. तिसऱ्याला डोळ्यांचा दाखला लागतो आणि तो दाखला स्वतः वाचून सही करावी लागते. वाचता आला तर डोळे चांगले, नाही आला तर सही ग्राह्य नाही. हेडमास्तर जिन्यात म्हणाले, “मी चष्म्याचं बोललोच होतो.” मेहुणा म्हणाला, “केस पाच मिनिटांत निकालात निघेल, दाजी.” चष्मेवाला एकटा काही बोलला नाही. त्याने फक्त दुकानापुढची पायरी पांढऱ्या रंगाने रंगवून घेतली, काकपदाला दिसावी म्हणून. त्या उपकाराचा काकपदाला जितका राग आला तितका लगबग्यांचाही आला नव्हता.

शेवटी हॉस्पिटलचं उत्तर आलं: ‘सदर दोष छपाईतील आहे. आमच्याकडून दिलेल्या हस्तलिखितात ‘चोळू नये’ असेच आहे. छापखान्याकडे चौकशी व्हावी.’ खाली छापखान्याचं नाव.

ते नाव बायकोने वाचून दाखवलं. दाखवलं आणि कागद उलटा घालून ठेवला.

छापखाना आपलाच होता. वर्षाला तीनशे पुस्तिका हातांखालून जात. कोण कशाला लक्षात ठेवतो?

मालक भला माणूस. त्यांनी काकपदाला समोर बसवलं, जुनी फाइल मागवली, आणि म्हणाले, “आपल्याकडून चूक गेली असेल तर छापखाना मान खाली घालेल. तुमच्या तक्रारीच्या सुनावणीत ही फाइल ठेवू. तुमच्या डोळ्यांची भरपाई झाली पाहिजे. आधी बघू तर, कुणाचं काम आहे.”

फाइल उघडली. शेवटचं प्रूफ वर आलं. जुळणीखात्यातल्या बाईंनी घाईत दोन शब्द जोडून टाकले होते: ‘चोळूनये’ असं सलग. त्यावर कुणीतरी लाल शाईने जागा सोडायची उभी रेघ मारली होती. ती ‘न’च्या अलीकडे हवी होती. ‘न’च्या पलीकडे मारली होती. खाली ठळक अक्षरांत ‘छापण्यास योग्य’, आणि सही.

काकपदाला सही दोनदा दिसत होती. एक खरी, एक सावली. दोन्ही त्याच्याच.

मालकांनी फाइल मिटली नाही. त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

म्हातारा इथे थांबला.

“मग?” ड्रायव्हर म्हणाला. “फाइल दाखवली तर याचं नाव जाणार. नाही दाखवली तर डोळ्यांचा न्याय जाणार.”

“आणि पुस्तिका?” मुलगी म्हणाली. “ती तर लोकांना वाटतच असतील ना?”

अगदी बरोबर विचारलंस पोरी! तेच तर सांगतोय. काकपदाने काय करावं? सुनावणीच्या दिवशी उभा राहिला छाती काढून आणि म्हणाला, “साहेब, डोळे माझे आणि चूकही माझी! माझी भरपाई राहू द्या. पण हा ‘न’ आधी आपल्या जागी जाऊ द्या, नाहीतर उद्या आणखी कुणीतरी चोळत बसेल.” सबंध दालन उठून उभं राहिलं. कारकून तळमजल्यावरून धावत वर आला. हॉस्पिटलच्या प्रमुखांना हुंदका आवरेना. त्यांनी डोळे टिपले, चोळले नाहीत. शिल्लक होत्या तेवढ्या सगळ्या पुस्तिका, वीस हजार, हातगाड्यांवर घालून छापखान्यात आणल्या. काकपद नऊ दिवस टेबलावरून हलला नाही. दोन दिसत होते त्यातल्या खऱ्या ‘न’वर बोट ठेवून ठेवून त्याने वीस हजार वेळा लाल शाईने तो आपल्या जागी बसवला. नंतरच्या आवृत्तीत तर सातवी सूचना चौकटीत छापली, ठळक! मालकांनी त्याला शाल... शाल नाही, नवं लाल पेन दिलं. आणि तेव्हापासून आजतागायत त्या पुस्तिकेत ती चूक कुणाच्या दृष्टीस पडलेली नाही. आता बोला! बसला का विश्वास?

मुलीने पर्सवरची पोपटी पुस्तिका उचलली होती. पान उलटल्याचा आवाज आला, मग आणखी एका पानाचा.

“कितवी सूचना म्हणालात, आजोबा?”

म्हाताऱ्याने लांब केलेले पाय बाकाखाली ओढून घेतले.

“सातवी म्हणाले,” ड्रायव्हर म्हणाला. “काय लिहिलंय? मला दिसत नाहीये. काय लिहिलंय तिथे?”

मुलीने पुस्तिका डोळ्यांजवळ नेऊन नीट, एकेक शब्द सुटा करत वाचलं.

“‘खाज सुटल्यास डोळे चोळून ये.’” तिने मुखपृष्ठ बघितलं. “एकविसावी आवृत्ती.”

काळ्या चष्म्यामागे म्हाताऱ्याच्या दोन्ही मुठी गेल्या होत्या.

“खोटं सांगितलंत,” ती म्हणाली. “सुनावणीत तुम्ही कुणाला काही सांगितलंच नाहीत. आणि हात खाली घ्या आधी. चोळू नका.”